पिन बसली, पण लागली नाही

पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन "एक कनेक्टर द्या" म्हणणं हे तुळशीबागेत उभं राहून "काहीतरी द्या" म्हणण्यासारखं आहे. दुकानदार मान वर करत नाही. कानाला लावलेला फोन तसाच ठेवून विचारतो, "कुठला?" आपण म्हणतो, "ते केबलला लावतात ते." मग उलटतपासणी सुरू होते. बीएनसी, एफ का एसएमए? मेल का फीमेल? क्रिम्पचा का स्क्रूचा? आरजी-फिफ्टीनाइनला लावणार का आरजी-सिक्सला? पन्नास ओहम का पंच्याहत्तर? सोबत सासरेबुवा असतील तर 'मेल का फीमेल'पाशी ते समोरच्या दुकानातले पंखे निरखायला लागतात. शेवटी आपण घाम पुसत म्हणतो, "कुठलाही द्या हो, बसला म्हणजे झालं." दुकानदार पहिल्यांदाच मान वर करून आपल्याकडे बघतो. त्या नजरेत दया असते.

कारण न बसणारी पिन कधीच कुणाचं नुकसान करत नाही. ती बसत नाही, आपण तिला चार शिव्या देतो, बदलून आणायला जातो. (बदलून मिळत नाही ही गोष्ट वेगळी. तशी पाटीच असते.) घात करते ती बसणारी पिन. ती बसते, हाताला घट्ट लागते, दिसायलाही व्यवस्थित दिसते, आणि आत काहीच जात नाही. केबलवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलंय. खुर्चीवर चढून, टीव्हीमागे खांद्यापर्यंत हात घालून, भिंतीला गाल टेकवलेल्या अवस्थेत ते निदान सांगतात, "बसलीय हो, पण लागत नाहीये."

टीव्हीमागे जी गोल पिन लागते तिचं घराणं इंग्लंडचं. एनफिल्डच्या बेलिंग अँड ली कंपनीनं ती १९२२ साली रेडिओच्या एरियलसाठी काढली. म्हणजे घरोघरी टीव्ही यायच्या कितीतरी आधी त्याची पिन तयार होती. तिची शंभरी उलटली तरी आजच्या चपट्या, हुशार, आपल्याशी इंग्रजीत बोलणाऱ्या टीव्हीच्या पाठीलाही ते भोक असतंच. दूरदर्शनच्या काळात आपल्याकडे ही पिन विकत आणणं म्हणजे उधळपट्टी होती. केबलचं टोक सोलायचं, मधली तार भोकात खुपसायची आणि ती निसटू नये म्हणून बाजूनं आगपेटीची काडी ठोकायची. या जोडणीचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही, पण आख्खं रामायण, आख्खं महाभारत आणि काही क्रिकेटचे विश्वचषक तिच्यावर पार पडलेत. काडीचं गुल आत ठेवायचं की बाहेर, यावर घराघरांत दोन पंथ होते. चित्रात मुंग्या आल्या की काडी अजून जरा आत.

काटकसरीच्या बाबतीत मात्र अमेरिकेनं आपल्यावर कडी केली. डिशच्या आणि केबलच्या सेट-टॉप बॉक्सला आट्यांची जी छोटी पिन लागते, ती एफ कनेक्टर. जेरोल्ड इलेक्ट्रॉनिक्समधल्या एरिक विन्स्टन नावाच्या गृहस्थानं ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. तिची गंमत अशी, की पिनेत पिनच नाही. केबलच्या मधली तांब्याची तार थोडी पुढे काढायची, तीच पिन. दर नगामागे एक पितळी दांडी वाचली, आणि लाखो घरांत केबल टीव्ही गेला. अशी कल्पना ज्याला सुचली तो माणूस पुण्याचा नव्हता, याचं मला अजून वैषम्य वाटतं.

आता ही पिन मारायची कशी, ते बघण्यासारखं असतं. वरचं काळं आवरण कापायचं, तारेची जाळी मागे उलटवायची, आतला पांढरा फोम छाटायचा, मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवायची. जाळीतला केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला शिवला तरी तिथेच शॉर्ट. या कामासाठी बाजारात खास हत्यार मिळतं. आमच्याकडे येणारा मुलगा ते खिशात ठेवतो आणि काम दातांनी करतो. एक चावा, एक झटका, एक थुंकणं, की केबल सोलून तयार. मग तो पिन आवळतो, सेट-टॉप बॉक्सला लावतो आणि पडद्याकडे न बघताच "आलं का?" विचारतो. "नाही" म्हटलं की तो पिन काढून फुंकर मारून परत लावतो. येतं. ती फुंकर नक्की काय करते हे विज्ञानाला विचारू नये.

पावसाळ्यात या पिनांचं हवामान खातं वेगळं चालतं. गच्चीवरच्या छत्रीला लावलेल्या पिनेत एकदा पाणी शिरलं, की ते जाळीच्या वाटेनं केबलीत उतरत जातं आणि तांब्यावर हिरवा बुरा चढतो. यावर खरा उपाय म्हणजे पाणी न शिरणारी पिन, वर रबराची सील करणारी टेप, आणि पिनेच्या अलीकडे केबलीला खाली एक झोळ, म्हणजे ओघळ तिथूनच टपकून जातो. आपला उपाय म्हणजे दुधाची पिशवी आणि सुतळी. पिशवी पाणी आत जाऊ देत नाही म्हणतात. प्रत्यक्षात आत जाऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. ऑगस्टपर्यंत तिथे एक छोटं तळं होतं, आणि आपण मात्र "ढग आले की दिसत नाही" म्हणून आकाशाकडे संशयानं बघत बसतो.

बीएनसी ही पिन त्या मानानं सुशिक्षित. पुढे ढकलायची, पाव वेढा फिरवायचा, खट्. नावात दोन माणसं आहेत, बेल लॅब्जचे पॉल नील आणि अँफेनॉलचे कार्ल कॉन्सेलमन. 'बी' म्हणजे बायोनेट, बंदुकीला संगीन अडकवतात तशी अडकवण. पण इतकं साधं उत्तर कुणालाच पटत नसल्यामुळे 'ब्रिटिश नेव्हल कनेक्टर' अशी एक दंतकथा कॉलेजच्या प्रयोगशाळांमधून पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. तोंडी परीक्षेत ती सांगणारा विद्यार्थी पास होतो, कारण परीक्षकालाही तीच माहीत असते. खडखडाटात बीएनसी कुरकुर करते म्हणून तिलाच आटे पाडले आणि टीएनसी झाली. नीलसाहेबांनी त्याआधी एक दणकट एन कनेक्टर केलेलाच होता. तो अजून मोबाइल टॉवरवर आणि मोठ्या अँटेनांच्या पायथ्याशी उन्हापावसात उभा असतो आणि कधी तक्रार करत नाही.

तुम्हाला बीएनसी भेटते ती सोसायटीच्या सीसीटीव्हीत. सायकल चोरीला जाते, कमिटी रात्रीचं फुटेज बघायला जमते, पडद्यावर सोळा चौकोन. पंधरांत पार्किंगमधलं मांजर चारी बाजूंनी दिसतं. सोळावा, म्हणजे जिथे सायकल होती तो, काळा, आणि त्यावर 'व्हिडिओ लॉस'. सेक्रेटरी डीव्हीआरमागची पिन हलवतात. चित्र येतं. हात काढतात. चित्र जातं. मग दीड तासाच्या सभेत कॅमेऱ्याची कंपनी, वॉचमनची झोप, बिल्डरनं केलेली वायरिंग आणि मागच्या कमिटीचा कारभार या सगळ्यांवर ठराव होतात. पिनेवर कुणी एक शब्द बोलत नाही. एवढीशी वस्तू एवढ्या मोठ्या माणसांना कशी फसवेल?

नव्वदच्या दशकात ज्यांनी ऑफिसात संगणक पाहिले त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तेव्हा एकच बारीक कोॲक्सियल केबल जास्तीत जास्त १८५ मीटर धावायची, प्रत्येक संगणकामागे इंग्रजी टीच्या आकाराची बीएनसी, आणि केबलीच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं एक-एक बूच. बूच काहीच करताना दिसत नसे. त्याला ना पुढे केबल, ना दिवा. त्याचं काम एवढंच, की टोकाला पोचलेला सिग्नल गिळून टाकायचा आणि तो उलटा फिरून बाकीच्यांशी धडकू द्यायचा नाही. टोकाच्या टेबलावरच्या कुणीतरी सफाईत ते 'बिनकामाचं' बूच काढून ड्रॉवरमध्ये टाकलं की आख्ख्या मजल्याचं नेटवर्क झोपायचं. सगळे संगणक ठीक, सगळ्या पिना बसलेल्या. सरकारी असो वा खासगी, ऑफिसात नुसतं बसून राहणाऱ्यावर सगळा डोलारा असू शकतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

या पन्नास आणि पंच्याहत्तरची कथा काय, तर हवा भरलेल्या कोॲक्सियल केबलीत सिग्नल सगळ्यात कमी गळतो तो ७७ ओहमच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त ताकद वाहून नेता येते ती ३० ओहमला. ज्यांना नुसतं चित्र न्यायचं होतं त्या टीव्हीवाल्यांनी ७५ उचलले. ज्यांना ट्रान्समीटरही चालवायचा होता त्यांनी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐकून ५० वर तडजोड केली. इथवर ठीक. पण दोन्ही घराण्यांच्या बीएनसी एकमेकींत बिनतक्रार बसतात. साध्या कामात कळतही नाही. वरच्या फ्रिक्वेन्सीला मात्र त्या सांध्यावर सिग्नलचा काही भाग माघारी वळतो, आणि इंजिनिअर तीन दिवस सॉफ्टवेअर तपासत बसतात. एन कनेक्टरमध्ये तर हे प्रकरण हातघाईवर येतं. पन्नासची मधली पिन जाड, पंच्याहत्तरचं भोक बारीक. जोर लावला की बसते. काढल्यावर कळतं की भोकाच्या पाकळ्या फाकल्या. त्यानंतर त्यात योग्य पिन लावली तरी ती सैलच.

आणि यूएचएफ नावाच्या कनेक्टरबद्दल एक शब्द. हौशी रेडिओवाल्यांचा हा लाडका. नाव 'अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी', आणि झेप साधारण ३०० मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे आज ज्याला यूएचएफ म्हणतात ते जिथे सुरू होतं तिथे याचा दम संपतो. नाव ठेवलं तेव्हा ३० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळंच 'अल्ट्रा' वाटायचं. बारशाला आलेल्यांचा दोष नाही.

नियमाच्या हौसेपोटी पिनेचं काय होतं हे बघायचं असेल तर घरातल्या वायफाय राउटरचा अँटेना फिरवून काढा. एसएमए नावाचा एक नाजूक, सोनेरी, १८ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा कनेक्टर होता. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाला भीती वाटली, की लोक राउटरला मोठमोठे अँटेना लावतील आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरींत ढवळाढवळ करतील. म्हणून नियम झाला, की अँटेनाची जोडणी बाजारात सहज न मिळणारी, वेगळी हवी. कंपन्यांनी काय केलं, तर आटे तसेच ठेवले आणि फक्त मधली पिन आणि भोक यांची अदलाबदल केली. झाला 'रिव्हर्स' एसएमए. तो इतका खपला, की ही 'सहज न मिळणारी' पिन आता जगातल्या कुठल्याही गल्लीत मूठभर मिळते, आणि एकातून दुसऱ्यात जायचा अडॅप्टरही. नियम अजून आहे. पण यातला खरा कळस पुढेच. साध्या एसएमएच्या भोकवाल्या तोंडावर रिव्हर्सचा भोकवाला अँटेना लावून बघा. आटे शेवटपर्यंत फिरतात. जोड पक्की बसते, ओढून निघत नाही. आणि आत दोन भोकं एकमेकांकडे तोंड करून स्वस्थ बसलेली असतात. 'बसली, पण लागली नाही' याचं यापेक्षा शुद्ध उदाहरण मनुष्यजातीला साधलेलं नाही.

प्रयोगशाळेत एसएमए हातानं आवळायची नसते. त्यासाठी एक खास पाना असतो. ठरावीक जोर झाला, की तो कट् करून मान टाकतो. 'अजून थोडं आवळू या, बरं असतं' या भावनेला त्या पान्यात जागाच नाही. आपल्याकडे नवा माणूस आला की तो पाना बघून हसतो आणि हातानंच आवळतो, वर पकडीनं अर्धा वेढा जास्त, घरचं काम असल्यासारखा. मग लाखो रुपयांच्या यंत्राच्या तोंडाचे आटे जातात. म्हणून त्या यंत्रांच्या तोंडाला आधी एक बळीचा कनेक्टर लावून ठेवायची पद्धत आहे. त्याला 'कनेक्टर सेव्हर' म्हणतात. कनेक्टरचं रक्षण करण्यासाठी कनेक्टर! आमच्या घरात सोफ्यावर कव्हर आणि कव्हरवर चादर असते, त्यामुळे ही संकल्पना मला लगेच समजली.

आता तांब्याची जागा काचेनं घेतली आणि आपण सुटलो असं वाटलं होतं. फायबर! आत वीज नाही, प्रकाश. गंज नाही, शॉर्ट नाही, मधली तार नाही. पण दोन तुकडे जोडायचे म्हटलं की सांधा आलाच, आणि इथे सांध्याचा हिशोब मायक्रॉनमध्ये. घरात येणाऱ्या फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो असतो जेमतेम ९ मायक्रॉनचा. बाहेरच्या काचेसकट १२५. डोक्याचा केस साधारण सत्तर धरा. एका बाजूचा नऊ मायक्रॉनचा ठिपका दुसऱ्या बाजूच्या नऊ मायक्रॉनच्या ठिपक्यासमोर नेमका आणायचा, आणि तोही मोटरसायकलवरून आलेल्या, गच्चीच्या कठड्यावर एक पाय सोडून बसलेल्या माणसानं. हे रोज होतं आणि बहुतेक वेळा जमतं, ही मला चंद्रावर जाण्याइतकीच मोठी गोष्ट वाटते.

ते जमवून आणते ती पिनेच्या तोंडातली पांढरी नळी, झिर्कोनिया सिरॅमिकची. फायबरच्या पिनांच्याही जाती आहेत: एससीत ही नळी अडीच मिलिमीटर जाडीची, एलसीत त्याच्या निम्मी. बाकी एसटीला बीएनसीसारखा वेढा, एफसीला आटे, एससी दाबली की खट्, एलसीला टेलिफोनच्या जुन्या पिनेसारखी जीभ. एससी आणि एफसी जपानच्या एनटीटीच्या घरातल्या, एसटी एटी अँड टीची, एलसी ल्यूसंटची. प्रत्येक कंपनीनं आपली वेगळी चूल मांडली, आणि अडॅप्टरवाल्यांची मुलं शिकली. डेटा सेंटरमध्ये एका पिनेत बारा फायबर कोंबलेली एमपीओ असते. तिच्याविषयी इतकंच सांगतो, की तीही दोन प्रकारे बसते.

घरच्या ओएनटीला, म्हणजे फायबर घरात येऊन ज्या डब्यात शिरतं त्याला, लागते ती बहुधा हिरवी एससी. हिरवा हा सौंदर्याचा भाग नाही. तिचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणजे सांध्यावरून उलटलेला प्रकाश आल्या वाटेनं लेझरच्या डोळ्यात न जाता बाजूला सांडतो. नीट लागली तर परतणारा प्रकाश दहा लाखात एखादा भाग. निळीचं टोक सरळ. हिरवी निळीत घाला. अर्थातच बसते, आवाजही तोच, खट्. आत एक तिरकं, एक सरळ, मध्ये हवेची पाचर. इंटरनेट चालतं, पण सासूबाईंचा व्हिडिओ कॉल नेमका मुद्द्यावर आला की थिजतं.

फायबरवाल्याच्या हातात एक मीटर असतो. तो तोंडाला पिन लावून गंभीरपणे वाचतो, "मायनस एकोणीस. मस्त आहे." घरातल्या ज्येष्ठांना उणे एकोणीस मस्त कसं हे कळत नाही. त्यांनी उणे म्हणून फक्त लेह आणि बँकेतली शिल्लक पाहिलेली असते. हिशोब सोपा आहे. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, उणे वीस म्हणजे त्याचा शंभरावा भाग, आणि उणे सत्तावीसच्या खाली गेलं की ओएनटीवरचा लाल दिवा लागतो आणि घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. सांध्यावर तीन डेसिबल गेले की अर्धा प्रकाश गेला. आणि तेवढं घालवायला धुळीचा एक कण पुरतो. म्हणून पिन लावायच्या आधी टोक पुसायचं असतं, त्यासाठी खास कापड असतं, अल्कोहोल असतं, टिकटिक करणारं एक पेन असतं. प्रत्यक्षात शर्टाची बाही असते, आणि अर्थातच फुंकर. तांब्याच्या पिनेवर फुंकर निदान निरुपद्रवी होती. इथे ती थुंकीचे बारीक थेंब नऊ मायक्रॉनवर नेऊन ठेवते. काही जण तर टोक डोळ्यासमोर धरून "लाइट येतोय का" बघतात. येत असला तरी दिसत नाही, कारण तो अवरक्त असतो. दिसत नाही म्हणून तो डोळ्याला लागत नाही असं मात्र नाही. पिनेच्या साऱ्या इतिहासात 'न दिसता लागणारी' ही एकच जात.

आता एवढ्याशा सांध्यानं जास्तीत जास्त काय होईल? सप्टेंबर २०११ मध्ये काय झालं ते ऐका. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीतूनच सुमारे ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखाली ओपेरा या प्रयोगात पकडले जात होते. दीडशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोचले. आइन्स्टाइन अडचणीत! इटलीच्या शिक्षण मंत्रालयाला इतका आनंद झाला, की त्यांनी सर्न ते ग्रान सासो बोगद्याच्या बांधकामाला इटलीनं साडेचार कोटी युरो दिल्याचं पत्रक काढलं. असा बोगदाच नाही. न्यूट्रिनोला बोगदा लागत नाही, आरपार जातो. पण अस्तित्वात नसलेल्या बांधकामावर खर्च दाखवण्याची कला केवळ आपलीच नाही, हे कळून बरं वाटलं.

जगभर लेख पडले, नवे सिद्धांत निघाले, जादा मिती काढल्या गेल्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कळलं, की डोंगराबाहेरच्या जीपीएसची वेळ ८.३ किलोमीटरच्या फायबरमधून खाली घड्याळापर्यंत जायची, आणि घड्याळाकडची पिन पूर्ण आवळलेली नव्हती. तुटली नव्हती, निखळली नव्हती. प्रकाश जात होता, पण मंद. मंद प्रकाशानं रिसीव्हर जरा उशिरा जागा व्हायचा, सत्तरेक नॅनोसेकंद उशिरा. घड्याळ तेवढं मागे, आणि म्हणून न्यूट्रिनो तेवढे पुढे. बसली होती, लागली नव्हती. मार्चमध्ये प्रयोगाच्या प्रवक्त्यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये क्योटोच्या परिषदेत न्यूट्रिनो पुन्हा कायद्याच्या चौकटीत आले.

दातांनी केबल सोलणाऱ्या त्या मुलाला हे सगळं सांगितलं. आइन्स्टाइनपाशी तो जांभई देत होता. पिनेपाशी मात्र त्यानं काम थांबवलं.

"आट्याची होती का?"

"हो."

"मग अर्ध्यावर सोडली असणार. किती महिने शोधत होते?"

"पाच तरी."

त्यानं मान हलवली. खिशातून पक्कड काढली, परत ठेवली, आणि अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, "व्हिजिटचे किती लावले?"